छोटं कॅथलिक कॉलेज, सगळ्या धर्मांची मुलं: प्रार्थनेला हजेरी सक्तीची असावी का?

बावखल
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून शेवटी धागा काढते. मी वसई पट्ट्यातली, कॅथलिक, मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, मराठीतून ऐकत वाढलेली, आणि एका छोट्या कॅथलिक कॉलेजात मराठी शिकवते. कॉलेजचं नाव देत नाही, कारण जे लिहितेय ते थोड्याफार फरकाने अशा कुठल्याही कॉलेजात सापडेल.

हजेरीपटावर डिमेलो, लोपीस असतात तसे म्हात्रे, पाटील, शेख, यादव, वायेडा पण असतात. आता तर वर्गात ख्रिस्ती मुलं निम्म्याहून कमी. कुणी पहाटे आईबरोबर दादरला फुलं पोचवून मग लेक्चरला येतं, कुणी नालासोपाऱ्याच्या चाळीतनं, कुणी जव्हार विक्रमगडकडनं येऊन सिस्टरांच्या हॉस्टेलला राहतं. हे सगळं मला मनापासून आवडतं, आमच्या कॉलेजचं खरं वैभव हेच आहे असं मी मानते.

तर झालं असं की यंदा विद्यार्थी समितीने दोन मागण्या केल्या. एक, वर्षाच्या सुरुवातीला आणि कॉलेजच्या सणाला जी प्रार्थना आणि मिस्सा होते तिथली हजेरी सक्तीची नको. दोन, लायब्ररीच्या वरची खोली रिकामी पडून आहे ती सगळ्यांसाठी उघडा, ज्याला नमाज पढायचाय त्याने पढावा, ज्याला नुसतं डोळे मिटून बसायचंय त्याने बसावं. बास, एवढंच. त्यावर आमच्याच पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, काही पालकांचा सूर असा की आपल्याच कॉलेजात आपण कशाला घाबरायचं, आज हजेरी गेली उद्या क्रूस काढा म्हणतील.

ती भीती मला कळते, खोटी नाहीये ती. २०२४ च्या फेब्रुवारीत आसाममध्ये एका संघटनेने ख्रिस्ती शाळांमधले पुतळे, क्रूस काढा, फादर-सिस्टरांनी झगे घालून शाळेत येऊ नये अशी मागणी केली होती. पण त्यानंतर दोनेक महिन्यांतच आपल्या बिशप परिषदेने देशभरातल्या कॅथलिक शाळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती किती जणांनी वाचली? त्यात सरळ म्हटलंय की इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका, सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणा, आणि आवारात सर्वधर्म प्रार्थनालय करा. म्हणजे आमच्या मुलांनी मागितलेली खोली बिशपांनी आधीच देऊ केलेली आहे! ती तत्त्वं शाळांसाठी आहेत हे मान्य, पण शाळेतल्या पोरांना जे लागू ते कॉलेजातल्या सज्ञान मुलांना नको हे कसं चालेल.

आणि अजून मागे जाऊ. माझ्या आजीच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. ती मराठीत आली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे, १९६२ ते ६५. त्याच परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही असं जाहीर केलं, आणि धर्माच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती नको हे पण त्याच वर्षी. मग मराठी मिस्सा तेवढी आमची आणि बाकीची कागदपत्रं कपाटात, असं करता येणार नाही ना.

एक प्रसंग सांगते म्हणजे मी का एवढं लिहितेय ते कळेल. कॉलेजच्या सणाला चर्चच्या पायऱ्यांवर रांगोळी काढायला एस.वाय.ची एक मुस्लिम मुलगी होती, हात इतका सुंदर की बघत राहावं. मिस्सेची घंटा झाली, बाकीच्या मुली रांगेने आत गेल्या, ही मात्र चपला हातात धरून दाराशी उभी. आत जावं तर घरी काय सांगायचं, परत जावं तर हजेरीची सही आत घेणार होते. तिच्या बोटांना अजून लाल रंग लागलेला. मी तिला म्हटलं तू जा, सही मी बघते. पण मी तिथे होते म्हणून, नसते तर? आमच्या सणासाठी तासभर उन्हात बसून राबलेल्या मुलीला आमच्याच दारात असं अवघडायला लागावं याची मला मनापासून लाज वाटली.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्रूस राहू दे, मिस्सा राहू दे, फादरांनी झगा घालूनच यावं, आपण कोण आहोत ते लपवायचं काही कारण नाही, पण येणाऱ्याने स्वतःच्या पायाने यावं, हजेरीपटाच्या धाकाने नाही. तुम्ही कुणी अशा कॉलेजात शिकला असाल, शिकवत असाल तर लिहा प्लीज.

विरार_फास्ट
ताई, मी अशाच कॉलेजातला, हिंदू, माळकरी घरातला. तीन वर्षं प्रार्थनेला उभा राहिलो, कधी काही वाटलं नाही खरं सांगायचं तर. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा ऑफिसातून निरोप आला की फी भरलीये, कुणी भरली ते आजतागायत कुणी सांगितलं नाही, आणि त्याबदल्यात कुणी मला बायबलचं पान पण दाखवलं नाही. आषाढीला मी उपास धरायचो तर कँटीनवाली मावशी, ती पण ख्रिस्ती, साबुदाणा भिजवून ठेवायची. त्यामुळे सक्ती वगैरे शब्द मला जरा जड वाटतात. पण तुम्ही सांगितलेल्या मुलीचं वाचून विचारात पडलो. मला अवघड गेलं नाही कारण आमच्या घरी पण चर्चला जायला कुणाची ना नव्हती. सगळ्यांच्या घरी तसं नसतं.

कलम_तीस
वकिली करतो, शिक्षणसंस्थांच्याच केसेस बघतो, म्हणून कायद्याचं सांगतो.

घटनेचं कलम ३०(१) अल्पसंख्याकांना, धार्मिक आणि भाषिक दोन्ही, आपल्या पसंतीच्या संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. पण कलम २८(३) लोक विसरतात. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायला त्याच्या संमतीशिवाय भाग पाडता येत नाही, मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. कॉलेजातली मुलं अठराच्या पुढची, म्हणजे त्यांची स्वतःची. तेव्हा हजेरीची सही घेऊन मिस्सेला बसवणं हा चर्चेचा विषयच नाही, ते चालत नाही.

१९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला पण वाचा. केरळात यहोवा विटनेस पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण त्यांच्या श्रद्धेनुसार गायची नाहीत, शाळेने काढून टाकलं, सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं. तिथे ख्रिस्ती मुलांच्या सद्सद्विवेकाला जे संरक्षण मिळालं तेच रांगोळीवाल्या मुलीला मिळायला हवं. पालकांना हे समजावून सांगा, बहुतेक जण ऐकतात असा माझा अनुभव आहे.

नाशिककर_७७
मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. अनुदान करदात्यांचं, मग प्रार्थनाच कशाला? ना मिस्सा ना सत्यनारायण, कॉलेजात फक्त शिक्षण. आणि मायनॉरिटी म्हणून ५० टक्के जागा स्वतःच्या लोकांना ठेवायच्या हे पण मला पटत नाही. शिवाय फी भरली, मदत केली, यातून हळूहळू धर्मांतर होतं अशी शंका लोकांना येते ती उगाच येत नाही.

बावखल
@नाशिककर_७७, राग नाही आला, स्पष्ट लिहिलंत ते बरंच केलंत.

धर्मांतराचं बोलायचं तर जनगणना बघा, देशात ख्रिस्ती २००१ ला २.३४ टक्के होते, २०११ ला २.३. इतकी कॉलेजं, इतक्या शाळा, पिढ्यानपिढ्या लाखो मुलं शिकून बाहेर पडली आणि टक्का तिथेच आहे. वर विरार_फास्ट यांनी लिहिलंय ते वाचा, ती फी भरणारा माणूस नाव सांगायला पण पुढे आला नाही. आमच्यात याला सेवा म्हणतात आणि आम्ही ती सौदा म्हणून करत नाही.

कलम ३० फक्त ख्रिस्त्यांसाठी नाही हे वकीलसाहेबांनी सांगितलंच आहे, मुंबईत सिंधी, गुजराती भाषिक अल्पसंख्याक कॉलेजं आहेत, त्यांनाही तेच लागू. आणि प्रार्थनाच नको म्हणाल तर मी तिथे तुमच्याबरोबर नाही. ज्या श्रद्धेने कॉलेज काढलं ती दिसूच नये म्हणणं आणि ती सगळ्यांवर लादणं, दोन्ही मला नको. आमचा गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, १५९७ ला नागासाकीला क्रूसावर मारला गेलेला, १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झालेला, त्याचं नाव कॉलेजच्या आवारात घ्यायला मला संकोच कशाला वाटावा? वसईच्या मातीतला माणूस आहे तो.

कलम_तीस
५० टक्क्यांबद्दल थोडं. ती मर्यादा सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर १९९१ च्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या निकालातून आली, पुढे २००२ च्या टी.एम.ए. पै निकालात अकरा न्यायमूर्तींनी टक्का प्रत्येक ठिकाणच्या गरजेनुसार ठरवावा असं सांगितलं. आणि २००५ च्या ९३व्या घटनादुरुस्तीने जे कलम १५(५) आलं त्यातून अल्पसंख्याक संस्था वगळल्या, म्हणजे एससी, एसटी, ओबीसी प्रवेशाची सक्ती त्यांच्यावर नाही. माझं वैयक्तिक मत, कायद्याने सक्ती नसली तरी ज्या संस्था सेवेचं नाव घेतात त्यांनी आपणहून ही दारं उघडी ठेवावीत.

रानवाट
हा धागा मी दोनदा वाचला. पहिल्यांदाच लिहितेय इथे, चूकभूल समजून घ्या.

मी वारली. बारावीनंतर सिस्टरांच्या हॉस्टेलला राहून बी.ए. केलं. रोज संध्याकाळी सातला रोझरी, म्हणजे माळेवर म्हणायची प्रार्थना, सगळ्या मुलींनी बसायचंच. मला येत नव्हतं म्हणून मी मागच्या बाकावर ओठ हलवत बसायची, माळ हातात दिलेली ती मोजायची कशी हे पण माहीत नव्हतं. पण मला त्याचा त्रास झाला नाही, खरंच. दिवसभर कॉलेजात इंग्रजीने डोकं दुखायचं, त्या अर्ध्या तासात कुणी काही विचारायचं नाही, शांत वाटायचं. पुढे एका सिस्टरांनीच बोलावून सांगितलं, तुला नको असेल तर त्या वेळेत अभ्यास कर, जिना चढून वरच्या खोलीत दिवा लावून बस. मी कधी जायची, कधी रोझरीला बसायची. मनाने.

त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. गॅदरिंगला दर वर्षी आम्हाला तारपा नाच करायला लावायचे. लुगडं नेसा, पाहुण्यांच्या पुढे नाचा. आम्ही हौसेने करायचो, आमचा नाच आहे. पण वक्तृत्वाला, निवेदनाला, विद्यार्थी प्रतिनिधीला आमच्यातलं कुणाला कधी विचारलं नाही. पाहुण्यांना सांगायचे, या आमच्या आदिवासी मुली. नाव नाही सांगायचे. मेसमध्ये पण जव्हारच्या मुली या, विक्रमगडच्या मुली या, अशी हाक. वसईच्या मुलींना नावाने.

बावखलताई, तुमची हजेरीची गोष्ट बरोबर आहे. खोली पण उघडा. पण खोली उघडून झालं असं नका समजू. माझ्या बहिणीला आता यंदा ॲडमिशन घ्यायचीये. ती निवेदन फार छान करते.

विरार_फास्ट
+१. याच्यावर आता काय लिहायचं.

गोदाकाठ
रानवाट यांनी वाट मोकळी केली म्हणून मीही लिहितो. नगर जिल्ह्यातला, आजोबांच्या पिढीत ख्रिस्ती झालेलं घर, आधीचे महार. कॅथलिक कॉलेजात गेलो तेव्हा वाटलं की आता आपल्या माणसांत आलो. पहिल्याच आठवड्यात विचारलं गेलं, कुठले ख्रिश्चन? गोव्याचे का वसईचे? नगर म्हटल्यावर समोरचा गप्प. मायनॉरिटी कोट्यात अर्ज भरला तर पॅरिशचं पत्र आणा, ते आणलं, मग मुलाखत इंग्रजीत. माझ्या गावचे फादर उपदेश मराठीत करतात, घरी सगळं मराठी, मी अडखळलो. कोट्यात जागा मिळाली ती शहरातल्या कॉन्व्हेंटच्या मुलांना. मला ओपनमधून मिळाली, मार्कांवर.

सरकारी कागदावर तर वेगळंच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जात म्हणजे हिंदूच, त्यात १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, आम्ही अजून बाहेर. महाराष्ट्रात आम्हाला ओबीसीत धरतात. २०२२ मध्ये यावर बालकृष्णन आयोग नेमला. तिकडे सरकार म्हणतं तुमच्या धर्मात जात नाही, आणि इकडे चर्चमध्ये जात कशी आहे ते आम्ही रोज बघतो. बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं, त्यात ख्रिस्तसभेच्या आतली अस्पृश्यता हे पाप आहे हे मान्य केलं. ते वाचून मला रडू आलं होतं, कारण पहिल्यांदा आपल्याच लोकांनी लिहून दिलं. पण धोरण कॉलेजच्या ॲडमिशनच्या टेबलापर्यंत पोचलं का? तिथे बसलेल्या माणसाने ते वाचलंय का?

माझी श्रद्धा पक्की आहे, रविवार चुकत नाही. म्हणूनच बोलतो. परक्यांनी दूर ठेवलं तर माणूस सोसतो, एकाच वेदीवरचा प्रसाद घेणाऱ्याने ठेवलं तर ते आत जाऊन लागतं.

बावखल
@रानवाट, @गोदाकाठ, तुम्ही दोघांनी धाग्याची दिशाच बदललीत आणि ती बदलायलाच हवी होती. मी हजेरीबद्दल विचारलं, तुम्ही स्टेज आणि ॲडमिशनचं टेबल दाखवलंत. समितीच्या बैठकीत हे दोन्ही मुद्दे मांडते, तुमची हरकत नसेल तर तुमचं लिखाण नावाशिवाय वाचून दाखवते.

आणि इंग्रजी मुलाखतीबद्दल मला मराठीची शिक्षिका म्हणून फार वाईट वाटतं. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्लिश जेझुइटाने (जेझुइट म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) १६१६ मध्ये ओव्यांत क्रिस्तपुराण छापलं, मराठीची थोरवी गायली, आणि चारशे वर्षांनी मराठी ख्रिस्ती पोराला आमच्याच लोकांसमोर मराठीत उत्तर देता येऊ नये?

पूर्वा_मिनेसोटा
इकडचं, अमेरिकेतलं थोडं. माझा मुलगा इथल्या एका छोट्या बेनेडिक्टाइन (कॅथलिक साधूंच्या एका संघाच्या) कॉलेजात आहे, आम्ही कॅथलिक नाही, स्कॉलरशिप चांगली मिळाली म्हणून गेला. थिऑलॉजीचे कोर्स सगळ्यांना कम्पल्सरी आहेत, पण तो अभ्यास, उपासना नाही, मिस्सेला जायची सक्ती अजिबात नाही. हॉस्टेलमध्ये एक साधू राहतात, रात्री दार उघडं ठेवतात, मुलं जाऊन बसतात. मुलगी रात्री मुलाच्या खोलीत थांबायची नाही वगैरे नियम कडक आहेत, ते त्याला पहिल्यांदा जड गेले. गंमत म्हणजे ईस्टरच्या आधीच्या प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मेसमध्ये मांस नसतं आणि आमचा शाकाहारी मुलगा त्याच दिवशी सगळ्यात पोटभर जेवतो.

मोठ्या विद्यापीठांत तर पुढे गेलेत, जॉर्जटाऊन जेझुइटांचं, तिथे १९९९ पासून पूर्णवेळ इमाम आहेत, आता हिंदू धर्मसेवकही आहेत, कॅम्पसवर हिंदू मुलांसाठी देवघर आहे. छोट्या कॉलेजला तेवढा पैसा नसतो हे खरं. पण लायब्ररीवरच्या रिकाम्या खोलीला किती पैसा लागतो?

निळी_छत्री
थोडक्यात लिहितो कारण जास्त लिहायची हिंमत नाही. समावेश म्हणताना आमच्यासारख्या मुलांचा पण विचार करा. मी गे आहे, कॅथलिक आहे, अशाच कॉलेजात टी.वाय.ला आहे. २०१३ ला पोप फ्रान्सिस म्हणाले होते की असा माणूस देवाला शोधत असेल तर न्याय करणारा मी कोण. त्या वाक्यावर मी बरीच वर्षं काढलीत. २०१८ ला कोर्टाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आम्हाला सोडवलं तेव्हा शाळेत होतो, घरी टीव्ही बंद केला होता. कॉलेजात कौन्सेलर सिस्टर आहेत, त्यांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, कुणाला सांगितलं नाही. क्लब वगैरे नको मला, वर्गात त्यावरून होणारी चेष्टा शिक्षकांनी थांबवली तरी खूप होईल.

बावखल
@निळी_छत्री, लिहिलंस ते फार बरं केलंस बाळा. शिक्षकांनी थांबवायला हवं, मी थांबवते आणि बाकीच्यांशीही बोलते. मेसेज कर कधीही.

वाडीतले_काका
मी त्या नाराज पालकांपैकीच समजा. सत्तरी गाठली. वसई धर्मप्रांत १९९८ ला मुंबईपासून वेगळा झाला तेव्हा मांडव घालणाऱ्यांत होतो. आमची भीती समजून घ्या. जमिनी गेल्या, बावखलं (गोड्या पाण्याची तळी) बुजवली, टॉवर आले, आमची बोली नातवंडांना येत नाही. कॉलेज ही एक जागा उरली जिथे आम्ही पाहुणे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० ला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आयुष्यभर मराठीत लिहिणारा माणूस, हरित वसईसाठी लढलेला, तरी ख्रिस्ती धर्मगुरू कसा चालेल म्हणून विरोध झालाच ना? मग आम्हाला वाटतं, आपण कितीही दार उघडलं तरी समोरचा उघडणार का.

पण त्या रांगोळीच्या पोरीचं वाचलं आणि रानवाट या मुलीचं. सही घ्यायची पद्धत बंद करा, मी बैठकीत हात वर करीन. क्रूस मात्र हलवायचा नाही.

बावखल
काका, क्रूसाला कुणी हात लावत नाहीये, मुलांनी तसं मागितलेलंच नाही. आणि दिब्रिटो फादरांचं म्हणाल तर विरोध झाला तरी साहित्य महामंडळाने त्यांचं नाव मागे घेतलं नाही आणि उस्मानाबादकरांनी संमेलन पार पाडलं, ते दार मराठी माणसांनीच उघडं ठेवलं होतं, हे पण आपण लक्षात ठेवूया.

पांढरी_काठी
उशिरा आलो धाग्यावर. मी दृष्टिहीन आहे. मुंबईच्या झेवियर्समध्ये २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी केंद्र चालू आहे, स्क्रीन रीडर, ब्रेल, स्कॅन केलेली पुस्तकं. छोट्या कॉलेजांनी तिथे जाऊन शिकून यावं. मी ज्या छोट्या कॉलेजात होतो तिथे लोक प्रेमळ, हाताला धरून चॅपेलमध्ये नेऊन बसवायचे, पण परीक्षेचा रायटर (मी सांगेन ते उत्तर लिहिणारा) मिळवायला दर सेमिस्टरला मलाच पायपीट. प्रेम आणि व्यवस्था दोन्ही लागतं.

बावखल
अपडेट देते. बैठक झाली. प्रार्थना आणि मिस्सा राहणार, हजेरी आणि सही बंद, निमंत्रण सगळ्यांना. काकांनी शब्द पाळला. उद्घाटनाला उद्देशिका वाचायची हे एकमताने झालं. खोलीचं अडलंय, तिथे परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका ठेवल्यात आणि ती खोली कुणाच्या ताब्यात राहणार यावर वाद झाला, पुढच्या बैठकीत परत विषय घेणार आहे, सोडणार नाही. ॲडमिशनची मुलाखत मराठीत देता येईल असं प्रॉस्पेक्टसमध्ये छापायचं मान्य झालं पण छापून येईपर्यंत मी पाठपुरावा करतेय. रायटरची यादी ऑफिसने ठेवायची हे मी आज लिहून दिलं.

@रानवाट, सणाच्या कार्यक्रमाच्या निवेदनासाठी यंदा चाचणी घेतोय, कुणीही यावं, कुठल्याही बोलीतून. बहिणीला ॲडमिशन झाल्यावर मला भेटायला सांग, स्टाफरूम पहिल्या मजल्यावर.

रानवाट
सांगते ताई. तिचा फॉर्म भरायचाय, जातपडताळणीचं प्रमाणपत्र अजून आलं नाही, त्याशिवाय महाडीबीटीवर, शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज घेतात का कुणाला माहितीये?

कलम_तीस
पडताळणीसाठी अर्ज केल्याची पावती जपून ठेवा आणि जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. तुमचा जिल्हा मला व्यनि करा, तिथल्या समितीच्या ऑफिसात चौकशी करून सांगतो.